पेशीच्या दारावरील निरोप

उंदराचीं पिलें जन्मतः आंधळीं असतात. त्यांचे डोळे उघडण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं रीता लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन हीं दोघें मज्जातंतूंची वाढ घडविणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होतीं. त्या ओघांत उंदराच्या लालापिंडाचा अर्क नवजात पिलांस टोंचला असतां त्यांचे डोळे सातव्या दिवशींच उघडले. मूळ शोधाशीं या गोष्टीचा कांहींएक संबंध नव्हता. तथापि कोहेन यांनीं ती दृष्टीआड होऊं दिली नाहीं. पुढें नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत त्यांनीं त्या अर्कांतून एक प्रथिन वेगळें काढलें, व १९६२ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्वचेच्या वरच्या थराची वाढ करणारें म्हणून त्यास ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’ हें नांव मिळालें.

हें वृद्धिद्रव्य आपला निरोप पेशीच्या दारावरच देतें. पेशीच्या आवरणांत ‘ग्राहक’ नांवाचें प्रथिन आरपार रोवलेलें असतें. त्याचें एक टोंक बाहेर, दुसरें आंत. बाहेरच्या टोंकास वृद्धिद्रव्य चिकटलें कीं दोन ग्राहक एकमेकांशीं जुळतात, आणि आंतील टोंकांवर फॉस्फेटच्या खुणा उमटतात. त्या खुणा ग्राहक स्वतःच उमटवितो, हें कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं १९८० च्या सुमारास दाखवून दिलें. तेथून निरोप ‘रास’ या प्रथिनाकडे, रासकडून ‘राफ’कडे, आणि अखेर पेशीच्या केंद्राकडे जातो, मग एका पेशीच्या दोन पेशी होतात. रास हें विजेच्या बटणासारखें आहे. निरोप आला कीं तें चालू होतें, व काम झालें कीं बंद पडतें.

मोठ्या आंतड्याचें अस्तर थोड्याच दिवसांत झिजून नवें होत असतें. तेथें वाढीचा निरोप नित्य हवा, आणि तो वेळीं थांबावयासही हवा. न थांबणारी वाढ म्हणजेच कर्करोग.

१९८४ सालीं लंडनमधील संशोधकांस असें आढळलें कीं, कोंबड्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूचें जनुक हें या ग्राहकाच्याच जनुकाचें तुटकें रूप आहे. तत्पूर्वींच कॅलिफोर्नियांत जॉन मेंडेलसन व गॉर्डन सातो यांनीं ग्राहकाचें बाहेरील टोंक अडवून धरणारा प्रतिपिंड तयार करण्याचें काम हातीं घेतलें होतें. कोहेन व लेव्ही-मोंताल्चिनी यांस १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आणि त्या प्रतिपिंडापासून सिद्ध झालेलें ‘सेटुक्सिमॅब’ हें औषध २००४ सालीं अमेरिकेंत मोठ्या आंतड्याच्या पसरलेल्या कर्करोगावर मान्य झालें.

परंतु अनेक रोग्यांस त्याचा गुण येईना. कारण दाराच्या आंत होतें. या रोगाच्या सुमारें ४० टक्के रोग्यांत ‘के-रास’ जनुक बिघडलेलें असतें. म्हणजे बटण चालू स्थितींतच अडकलेलें असतें. अशा पेशीस निरोपाची गरजच उरत नाहीं. कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील चाचणीचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. इतर उपाय थकलेल्या या रोग्यांपैकीं ज्यांचें के-रास निर्दोष होतें, त्यांचें मध्यम आयुर्मान औषधामुळें ४.८ महिन्यांवरून ९.५ महिन्यांवर गेलें. ज्यांचें सदोष होतें, त्यांस कांहींच लाभ झाला नाहीं. त्यांच्या वांट्यास केवळ औषधाचा त्रास आला. २००९ पासून अमेरिकेंत हें औषध निर्दोष के-रास असलेल्यांपुरतेंच राखण्यांत आलें.

साखळीचा उलट प्रत्ययही आला. राफचाच एक प्रकार असलेलें ‘बी-राफ’ बिघडलें असतां केवळ त्यास अडविणारें औषध या रोगांत तोकडें पडे. आंतील वाट अडतांच दारावरील ग्राहक अधिकच जागा होतो, हें ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें. म्हणून दार व आंतील कडी एकदम बंद करणारी जोड-चिकित्सा आली: २०२० सालीं बिघडलेल्या बी-राफवर, व २०२४ सालीं के-रासच्या एका विशिष्ट बिघाडावर तिला अमेरिकेंत मान्यता मिळाली.

एकाच नांवाच्या रोगांत बिघाड मात्र निरनिराळ्या कडींत असतो. ती कडी आधीं ओळखणें हा आतां या चिकित्सेचा पहिला नियम झाला आहे. आणि त्याचें मूळ वेळेआधीं उघडलेल्या पिलांच्या डोळ्यांत आहे.