सोपवलेली जबाबदारी : विद्यार्थी-सहभागाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. मुंबईतल्या विद्यार्थ्यांची सभा मात्र त्याआधी नऊ वर्षे भरू लागली होती. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ सुरू केली. निबंध वाचायचे आणि त्यांवर चर्चा करायची, एवढ्यावर ती थांबली नाही. मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा तिच्या शाखा म्हणून उभ्या राहिल्या आणि १८४९ मध्ये तिच्या सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या. या शाळांत शिकवायला सुरुवातीला सभेतलेच तरुण पुढे आले. दादाभाई नौरोजी त्यांच्यात अग्रभागी होते. सभा चालवणे, पैसा उभा करणे, मुलींना शाळेत पाठवायला बिचकणाऱ्या घरांची समजूत घालणे, हे सारे त्यांनी करता करता आत्मसात केले. नेमलेल्या पुस्तकांत त्यातले काही नव्हते.

महाविद्यालयातले उपक्रम म्हणजे अभ्यासानंतर उरलेल्या वेळाची सोय, असे मानण्याची आपल्याकडे सवय आहे. वरचा इतिहास पाहिला की ही समजूत टिकत नाही. आपल्या भागात आधुनिक उच्च शिक्षण रुजले तेव्हापासून विद्यार्थ्यांचे स्वतःचे उद्योग त्याच्या बरोबरीने वाढले आहेत. त्यांचा शिस्तशीर अभ्यास मात्र अलीकडचा. विद्यार्थ्याला या उपक्रमांतून नेमके काय मिळते, कसे मिळते आणि कोणाला मिळत नाही, असे तीन प्रश्न या अभ्यासक्षेत्राच्या केंद्रस्थानी आहेत. इथे नव्याने येणाऱ्या प्राध्यापकांचे, कार्यक्रम अधिकाऱ्यांचे, संशोधकांचे आणि स्वतः विद्यार्थ्यांचे मनापासून स्वागत करताना या तीन प्रश्नांची ओळख करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

पहिल्या दोन प्रश्नांची मांडणी प्रामुख्याने अमेरिकेत झाली. आर्थर चिकरिंग यांनी १९६९ मध्ये विद्यार्थिदशेतल्या घडणीच्या सात दिशा सांगितल्या. त्यांत क्षमता कमावणे, भावनांवर ताबा मिळवणे, स्वतःची ओळख घडणे, आयुष्याला हेतू सापडणे अशा गोष्टी होत्या. १९७५ मध्ये व्हिन्सेंट टिंटो यांनी गळतीचा प्रश्न हाती घेतला. विद्यार्थी महाविद्यालय सोडतो तेव्हा कारण नेहमी गुणांचेच असते असे नाही. तिथल्या अभ्यासाशी आणि तिथल्या माणसांशी त्याचे नाते जुळले आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते, हे त्यांनी दाखवले. अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी १९८४ मध्ये सहभागाचा सिद्धान्त मांडला. विद्यार्थी आपल्या शिक्षणात शरीराची आणि मनाची जी शक्ती घालतो तिला ते सहभाग म्हणतात. त्यांच्या मते शिकणे या शक्तीच्या प्रमाणात आणि दर्जात घडते; म्हणून कोणत्याही शैक्षणिक धोरणाची परीक्षा एकाच गोष्टीने करावी, त्यामुळे विद्यार्थ्यांचा सहभाग वाढला का?

अ‍ॅस्टिन यांच्या मांडणीतला दर्जाचा मुद्दा फार मोलाचा आहे. स्नेहसंमेलनाला हजार विद्यार्थी हजर असतात. त्यातला एक खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतो. दुसऱ्याकडे मंडपवाल्याशी दर ठरवण्याचे, ध्वनिक्षेपकाची परवानगी काढण्याचे, पाहुण्यांना स्थानकावरून आणण्याचे आणि शेवटी प्रत्येक रुपयाची पावती लावण्याचे काम असते. कार्यक्रम एकच, पण या दोघांचे शिकणे एका मापाने मोजता येणार नाही. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत विश्वासार्ह सूत्र इथेच सापडते: विद्यार्थ्याला फळ मिळते ते त्याच्यावर सोपवलेल्या जबाबदारीच्या प्रमाणात. ज्या कामात चुकण्याची मुभा नाही, निर्णय घ्यायचा नाही आणि कोणी आपल्यावर विसंबून नाही, त्या कामातून प्रमाणपत्र मिळेल, घडण होणार नाही.

महाराष्ट्रात हे सूत्र तपासून पाहायला उत्तम जागा आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपले एनएसएस, ही त्यातली पहिली. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याची कल्पना मांडली, १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने राष्ट्रीय सेवेचा विचार केला, आणि अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू केली. तेव्हा विद्यार्थी होते सुमारे ४० हजार. आज स्वयंसेवकांची संख्या लाखांच्या घरात आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर, हा तिचा साचा.

शिबिराचे खरे शिक्षण त्याच्या रचनेत आहे. स्वयंपाक, श्रमदान, सर्वेक्षण आणि सांस्कृतिक कार्यक्रम असे गट पाडले जातात. पहाटे उठून पन्नास-साठ जणांचे पोहे करायचे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा, दुपारी घरोघरी जाऊन पाण्याची आणि शौचालयांची माहिती भरायची, रात्री आढावा बैठकीत दिवसाचा हिशेब मांडायचा. घरी कधी परात न उचललेला मुलगा तिथे कणीक मळतो. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी सरपंचांना प्रश्न विचारते. मीठ कमी पडले तर सगळे शिबिर अळणी जेवते, आणि उद्या तसे होऊ नये याची व्यवस्था त्या गटालाच करावी लागते. वेगवेगळ्या जातींची, शाखांची, गावांची मुले एका पंगतीत बसतात, एकाच शाळेच्या खोलीत सतरंज्या अंथरून झोपतात. नागरिकशास्त्राच्या धड्याने जे साधत नाही ते या सात दिवसांत पुष्कळदा साधते. कार्यक्रम अधिकारी जितका मागे उभा राहील तितके अधिक साधते, हेही अनुभवी अधिकारी जाणतात.

दुसरी जागा रंगमंच. महाराष्ट्रीय कलोपासक या पुण्यातल्या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे आणि भरत नाट्य मंदिरातला तिचा जल्लोष पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी अनुभवला आहे. पुण्याच्या महाविद्यालयीन नाटकांबद्दल बोलताना नामवंतांची आठवण निघतेच. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल आणि त्यात नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे हे दोघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. अशा नावांचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. अभ्यासकाने मात्र त्यांच्यापुढे जाऊन पाहिले पाहिजे. एकांकिकेत काम केलेल्या विद्यार्थ्यांतले बहुतेक पुढे नाटकाकडे वळत नाहीत. ते बँकेत, दवाखान्यात, शाळेत, शेतात जातात. महिनाभर तालमीला वेळेवर येण्याची सवय, आपला संवाद कापला गेला तरी प्रयोगासाठी तो सोडून देण्याची तयारी, पडद्यामागे राहून दुसऱ्याचा प्रवेश उजळवण्याचे समाधान, हे सारे त्यांच्याबरोबर जाते. नाट्यक्षेत्राला मिळालेल्या कलावंतांची मोजदाद सोपी आहे. प्रकाशयोजनेच्या फळ्यावर बसलेली मुलगी पुढे कशी अधिकारी झाली, याचा शोध घेणे अवघड आहे आणि तोच आपला विषय आहे.

तिसरी जागा याहून वेगळी आहे, कारण तिथे सहभाग आणि पोट यांची गाठ पडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. ‘कमवा आणि शिका’ हा या कॉलेजचा प्राण होता. विद्यार्थी कष्ट करत आणि त्यातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवत. आज अनेक विद्यापीठांत ही योजना आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणे, प्रयोगशाळेत मदत करणे, कार्यालयातली नोंदणी, बागकाम अशा कामांसाठी विद्यार्थ्याला तासांप्रमाणे मानधन मिळते. १९७५ च्या आपल्या अभ्यासात अ‍ॅस्टिन यांना असे आढळले होते की संस्थेच्या आवारातच अर्धवेळ काम करणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षण पुरे करण्याची शक्यता वाढते. कारण सरळ आहे: त्या कामामुळे तो अधिक वेळ आवारात राहतो, कर्मचारी आणि प्राध्यापक त्याला नावाने ओळखू लागतात. तो निष्कर्ष येण्याच्या कितीतरी आधी साताऱ्यात ही रचना उभी होती. श्रमाची लाज घालवणे हा भाऊरावांचा उद्देश होता. विद्यार्थ्याला संस्थेत टिकवून धरणे हे त्याचे दुसरे फळ. या दोन्ही परंपरांचा एकत्र विचार करणारे संशोधन मराठीत व्हायला हवे.

आता पद्धतीविषयी एक इशारा. उपक्रमांत भाग घेणारे विद्यार्थी अधिक आत्मविश्वासाने बोलतात, असे दिसले म्हणून तो आत्मविश्वास उपक्रमानेच दिला, असे लगेच म्हणता येत नाही. आधीच धीट असलेली मुले पुढे येतात, हेही खरे असू शकते. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याला प्रवेशापासून पदवीपर्यंत पाहत राहणे, आधीचे आणि नंतरचे ताडून बघणे, सहभागी न झालेल्यांशीही बोलणे आवश्यक ठरते. अर्नेस्ट पास्करेला आणि पॅट्रिक टेरेन्झिनी यांनी १९९१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये महाविद्यालयीन शिक्षणाच्या परिणामांवरील संशोधनाचा प्रचंड आढावा घेतला, तो या शिस्तीचा नमुना म्हणून वाचावा.

या इशाऱ्यातून आपण तिसऱ्या प्रश्नावर येतो. माझ्या दृष्टीने तो सर्वांत कळीचा. कोण बाहेर राहते? तालीम संध्याकाळी सहाला सुरू होते आणि गावाकडे जाणारी शेवटची एसटी साडेसहाला सुटते, तेव्हा नाटक कोणाचे राहते हे सांगायला नको. कॉलेज सुटल्यावर दुकानात किंवा रानात कामाला जाणारा मुलगा, घरून मुक्कामी शिबिराची परवानगी न मिळणारी मुलगी, इंग्रजीत सूत्रसंचालन चालते म्हणून मागे सरणारे विद्यार्थी, हे सगळे नोंदवहीत केवळ ‘रस नाही’ म्हणून गणले जातात. टिंटो यांच्या मांडणीवर विल्यम टिअर्नी यांनी १९९२ मध्ये हाच आक्षेप घेतला: मिसळून जाण्याचा सगळा भार विद्यार्थ्यावरच का? लॉरा रेंडन यांनी १९९४ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन सांगितले की ज्यांच्या घरात उच्च शिक्षण नवे आहे, त्यांनी आपण होऊन पुढे यावे अशी वाट पाहणे चुकीचे आहे. संस्थेतल्या कोणीतरी आधी हात पुढे करावा, तुझ्यात हे करण्याची क्षमता आहे असे स्पष्ट सांगावे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या महाविद्यालयांत ज्या शिक्षकांनी मुलांना नाव घेऊन बोलावले, वक्तृत्वासाठी स्वतःच्या घरी बसवून तयार केले, गरज पडली तर पालकांची भेट घेतली, त्यांनी हे तत्त्व प्रत्यक्षात आणले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमाला श्रेयांक मिळू लागले. सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा, कला यांना गुणपत्रिकेत स्थान मिळाले. याचे स्वागत करावे. ‘यालाही मार्क आहेत’ असे घरी सांगता येणे ही कित्येक मुलींसाठी मोठी मोकळीक आहे. पण श्रेयांकाबरोबर हजेरीपट, छायाचित्रे आणि अहवाल येतात, आणि ते पुरे करण्यातच वर्ष संपण्याचा धोका आहे. तो टाळायचा तर प्रत्येक उपक्रमाला एक साधा प्रश्न विचारावा: यात विद्यार्थ्याने कोणता निर्णय घेतला? विद्यार्थी प्रतिनिधित्वालाही हाच प्रश्न लागू आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तरतूद केली. त्या परिषदेच्या हाती प्रत्यक्षात काय येते, ते अभ्यासकांनी तपासायला हवे.

नव्या अभ्यासकासाठी साधनांची वाण नाही. महाविद्यालयांचे जुने वार्षिकांक म्हणजे विद्यार्थिजीवनाचे मोठे दप्तर आहे. त्यात मंडळांचे अहवाल, निवडून आलेल्यांची नावे, सहलींचे वृत्तान्त, वादस्पर्धांचे विषय सापडतात. सेवा योजनेच्या शिबिरांच्या नोंदवह्या आहेत. निवृत्त प्राध्यापकांच्या आणि माजी जनरल सेक्रेटरींच्या मुलाखती वेळेत घेतल्या पाहिजेत. हे काम करायला मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते.

आरंभ कुठून करावा असे विचारणाऱ्यांना मी एकच काम सुचवेन. आपल्या महाविद्यालयात या वर्षी एकाही उपक्रमात ज्यांचे नाव नाही अशा विद्यार्थ्यांची यादी करा. ते राहतात कुठे, येतात कसे, कॉलेज सुटल्यावर काय करतात, त्यांना आजवर कोणी बोलावले का, हे त्यांच्याशी बोलून लिहून काढा. मग त्यातल्या प्रत्येकाला झेपेल आणि आवडेल असे एक खरे काम सोपवा, त्याची वेळ त्याच्या एसटीप्रमाणे ठरवा आणि वर्षअखेरीस काय बदलले ते पुन्हा नोंदवा. एवढे केलेत तर तुम्ही या क्षेत्राचे अभ्यासकही झालात आणि त्या विद्यार्थ्यांचे शिक्षकही.