फिर्यादी की साक्षीदार?

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना 'फरियाद' हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो कवितेत. तिथे तो हाक असतो, टाहो असतो. तोच फारसी शब्द मराठीत आला आणि 'फिर्याद' होऊन पोलीस ठाण्यात स्थिरावला. तिथे तो कागद झाला. गुन्हा नोंदला गेला की त्याला क्रमांक मिळतो, खटला सरकारचा होतो आणि ज्याच्या अंगावर वार झाला तो माणूस सरकार पक्षाचा एक साक्षीदार उरतो. बोलावले की यायचे, विचारले तेवढेच सांगायचे!

हे कुठवर जाऊ शकते ते आपल्या महाराष्ट्रानेच पाहिले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आणि आजच्या गडचिरोलीतल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. पुढे हे प्रकरण तिच्याच नावाने देशभर गाजले. आम्ही ते नाव इथे लिहीत नाही. पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा ठरला तो १९८३ साली, आणि तो कायदा आला तोही तिच्याच प्रकरणामुळे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षांची व दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो युक्तिवाद. रात्रीची वेळ, बंद दार, समोर वर्दी. अशा ठिकाणी गप्प राहणे म्हणजे काय असते, हे तिला कोण विचारणार? निकालाच्या शीर्षकात एका बाजूला आरोपी आहे, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र राज्य. ती त्यात कुठेच नाही.

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघा कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. गावोगावच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे न्यायालयात सांगितले, तर ते खरे धरून चालण्याचे बंधन आले. इतिहासाच्या पुस्तकात हा विजय म्हणून नोंदवला जातो आणि तो आहेही. पण जिच्यामुळे कायदा बदलला, तिला त्यातून काय मिळाले? निकाल तर फिरला नाही.

त्याच १९७२ साली महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या शहाद्यात, निराळेच काही घडत होते. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे धान्यासाठी गेलेल्या भिल्लांवर गोळीबार झाला होता. त्या काळी या परिसरात बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या होत्या, त्यांचे राखणदार होते. म्हणजे सुरक्षेची व्यवस्था होती, पण उभ्या पिकाची! पीक कापणाऱ्या मजूर बाईच्या सुरक्षेचा विचार त्या व्यवस्थेत कुणी केला नव्हता. अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना जागे केले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली आणि पुढे बायकांची शिबिरे भरू लागली. तिथे बायकांना मजुरीबद्दल विचारले गेले. त्या मजुरीवर बोलल्याच. पण दारूवर आणि घरातल्या मारहाणीवरही बोलल्या. नुसत्या बोलून थांबल्या नाहीत, गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. बायकोला मारणे ही खासगी बाब नाही, गावाने दखल घेण्याची गोष्ट आहे, हे त्यांनी बैठकीत सर्वांसमोर मांडले. आपल्याला धोका नेमका कुठून आहे हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. आम्हांला तर हे सुरक्षेचे धोरणच वाटते, फक्त ते मंत्रालयात लिहिले गेले नाही.

सातपुड्यातल्या 'डाकीण' प्रथेचेही तसेच. जिला डाकीण ठरवून मारतात ती गावाच्या लेखी आरोपी असते. ती पीडित आहे हे कायद्याने स्पष्टपणे मान्य करायला २०१३ साल उजाडले, आणि त्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन चार दिवस झाल्यावर वटहुकूम निघाला.

अलीकडे कागदावर बरेच सुधारले आहे. २००९ च्या अखेरीस पीडिताला अपिलाचा हक्क व भरपाईची तरतूद मिळाली. २०१३ मध्ये राज्याची मनोधैर्य योजना आली. २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकून घेतले पाहिजे. मात्र सणांआधी शांतता समितीची बैठक भरते तेव्हा आम्ही पाहतो : व्यापारी, पुढारी, दोन्ही समाजांतले वजनदार लोक पहिल्या रांगेत. आमची मास्तर मंडळीही असतात, मागे कुठेतरी. दंगलीत ज्याची हातगाडी जळाली, किंवा जी मुलगी त्याच रस्त्याने शाळेत येणे बंद करून बसली, त्यांना खुर्ची नसते. कोणत्या वळणावर दिवा हवा हे त्या मुलीइतके अचूक कोण सांगेल?

शिवाय भाषेचा प्रश्न आहे. बाई भिलीत किंवा पावरीत सांगते, जबाब मराठीत लिहिला जातो, वरच्या न्यायालयात तो इंग्रजीत पोचतो. शिक्षक म्हणून आम्हांला ठाऊक आहे, मूल घरच्या भाषेत जे सांगते ते पाठ्यपुस्तकाच्या भाषेत निम्मेच उरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत पीडिताला कळवायचे आहे. मोबाइलवर कळवले तरी चालते. धडगावच्या डोंगरातल्या बाईला ते कोणत्या भाषेत कळवायचे, याचा मात्र त्या कलमात उल्लेख नाही.