घरी बनवलेला मेटल डिटेक्टर सोनं शोधू शकतो का? कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये हे मशीन बनवायचं तर काय होतं?

मार्च २०२५ मध्ये एक व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरजवळ, असिरगड किल्ल्याच्या परिसरातल्या शेतात रात्रीच्या अंधारात माणसं टॉर्च लावून माती उकरत होती. ‘छावा’ सिनेमा नुकताच आलेला, त्यात मुघलांच्या सोन्याच्या नाण्यांची अफवा उठली आणि आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या या भागात लोक फावडी घेऊन बाहेर पडले. काहींच्या हातात मेटल डिटेक्टरही होते.

असे व्हिडिओ बघितले की दोन प्रश्न पडतात. हे मशीन घरी बनवता येतं का? आणि त्याला जमिनीतलं सोनं खरंच कळतं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, येतं. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असणारे जगभरातले लोक वर्षानुवर्षं ते बनवत आलेत, आणि त्यात सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे पल्स इंडक्शन, म्हणजेच पीआय डिटेक्टर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र हे मशीन बनवताना आपोआप कळत जातं.

सामान काय लागतं?

समजा, नवी मुंबईतल्या कामोठ्यात राहणाऱ्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने हे मनावर घेतलं. मानसरोवर स्टेशनवरून हार्बरची लोकल पकडून मुंबईत जायचं आणि ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड गाठायचा. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी तो कायम लॅमिंग्टन रोडच.

तिथे ५५५ टायमर आयसी किंवा अर्डुइनो, आयआरएफ ७४० सारखा मॉसफेट, एनई ५५३४ सारखा ऑप-ॲम्प, रेझिस्टर, स्पीकर आणि १२ व्होल्टची बॅटरी असं सगळं मिळतं. कॉइलसाठी मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडची तांब्याची तार चालते. साधारण २५ सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर २४-२५ वेढे द्यायचे, म्हणजे तार लागते जेमतेम २० मीटर. हँडलला पीव्हीसी पाइप. लोखंडी दांडा लावला तर मशीन स्वतःच्याच दांड्याला बघून ओरडत बसतं.

हे चालतं कसं?

टाळी वाजवायची आणि गप्प बसून प्रतिध्वनी ऐकायचा, इतकी साधी ही कल्पना आहे.

मॉसफेट म्हणजे इथे एक वेगवान स्विच. तो कॉइलमधून सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा वेळ करंट सोडतो आणि झटक्यात बंद करतो. कॉइलभोवती तयार झालेलं चुंबकीय क्षेत्र अचानक कोसळतं. त्या क्षणी जवळपास धातू असेल तर त्याच्यात भोवऱ्यासारखा फिरणारा करंट तयार होतो. याला एडी करंट म्हणतात. तो लगेच विझत नाही, हळूहळू मंदावतो, आणि त्याचं स्वतःचं बारीकसं चुंबकीय क्षेत्र कॉइलला जाणवतं.

सर्किट १०-१५ मायक्रोसेकंद थांबतं आणि मग ऐकतं. धातू नसेल तर शांतता. असेल तर थोडासा सिग्नल उरलेला असतो. सेकंदाला शेकडो वेळा हेच करून सरासरी काढली की तो बारीक सिग्नल स्पीकरमधून ऐकू येतो.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी करंट बंद होताना कॉइलवर क्षणभर ३००-४०० व्होल्टचा झटका तयार होतो. म्हणूनच ४०० व्होल्ट सोसणारा मॉसफेट लागतो, आणि म्हणूनच मशीन चालू असताना कॉइलच्या उघड्या टोकांना हात लावायचा नाही.

घरात टेस्ट का करता येत नाही?

मशीन तयार झालं, फ्लॅटमध्ये चालू केलं, आणि ते जमिनीवर सगळीकडेच बीप करायला लागलं. बिघाड झाला असं वाटतं, पण तसं नसतं. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या आहेत, त्या त्याला दिसतायत.

ही चूक भल्याभल्यांना भोवलीय. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. अंगात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं धातुशोधक यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी यंत्राचा गोंधळ उडवला, हे त्याचं एक कारण मानलं जातं.

मग मोकळ्या जागेत जायचं? कामोठे हा सिडकोने वसवलेला नोड. जमीन खाडीकाठची, त्यावर भराव आणि वर बांधकामं. अशा मातीत खिळे, तारा, बाटल्यांची बुचं यांना तोटा नसतो. पीआय डिटेक्टर त्या प्रत्येकावर बीप करतो.

पण खाऱ्या पाण्याच्या बाबतीत याच मशीनची कमाल दिसते. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे बरेच साधे डिटेक्टर ओल्या वाळूत गोंधळतात. पीआयमध्ये मात्र पाण्यातला करंट काही मायक्रोसेकंदांतच विझतो आणि मशीन ऐकायला लागेपर्यंत तो संपलेला असतो. म्हणून उरणच्या पिरवाडीसारख्या किनाऱ्यावर हा प्रकार जास्त भरवशाचा.

मग सोनं?

इथेच खरी गंमत आहे. पीआय डिटेक्टर धातू आहे एवढंच सांगतो. तो सोनं आहे की गंजलेला खिळा, हे त्याला धड कळत नाही. उलट सोन्याची नाजूक साखळी त्याच्या हातून निसटते, कारण तिच्या बारीक कड्यांमधला करंट इतक्या लवकर विझतो की मशीन ऐकेपर्यंत काहीच उरत नाही. जाडजूड अंगठी सापडते, साखळी राहून जाते. घरातल्या वस्तू हवेत धरून हा प्रयोग कुणालाही करता येतो.

दुसरी मर्यादा खोलीची. लहान वस्तू कॉइलपासून लांब गेली की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल जवळपास ६४ पटीने कमी होतो. त्यामुळे घरगुती मशीनला नाणं सापडतं ते वीतभर खोलीपर्यंत. मोठा हंडा असेल तर थोडं आणखी खाली.

आता ‘शंभर मीटरवरून सोनं दाखवणारं मशीन’ अशा जाहिराती आठवा. असाच दावा करत ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिकने एडीई ६५१ नावाचं बॉम्बशोधक यंत्र इराकपर्यंत विकलं. आत काम करणारं काहीच नव्हतं. गोल्फचे बॉल शोधण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खेळण्यावरून ते बनवलेलं होतं. २०१३ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. इराकमध्ये चेकपोस्टवर लोक त्या यंत्राच्या भरवशावर उभे होते.

गुप्तधनाच्या नावाने आपल्याकडेही लोकांना गंडवलं जातं. त्यासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आणि खरंच काही सापडलं तर?

१८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा होऊ शकते. रायगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खोदकाम करणं तर थेट गुन्हाच. कारण पुराव्याच्या दृष्टीने नाण्याइतकंच महत्त्व ते कुठल्या थरात, कशाशेजारी सापडलं याला असतं. एकदा उकरलं की ती माहिती कायमची जाते.

म्हणून घरगुती पीआय डिटेक्टरचा खरा उपयोग शिकण्यासाठी आहे. भिंतीत ड्रिल मारण्याआधी सळई शोधा, वाळूत हरवलेली चावी शोधा. आणि कुणी लाखभर रुपयांचं ‘गोल्ड स्कॅनर’ विकायला आलं, तर जमिनीत दोन मीटर खाली पुरलेलं एक नाणं शोधून दाखवायला सांगा.