चुकीवरून नाव पडलेला खेळ

बॅडमिंटन, रग्बी या खेळांना नावे गावांवरून पडली. स्नूकरला मात्र नाव मिळाले ते एका चुकीवरून, आणि तेही आपल्या जबलपुरात.

१८७५ साली जबलपूर नागपूरबरोबर मध्य प्रांतात होते. तेथील डेव्हनशायर पलटणीच्या मेसमध्ये गोरे अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर पूलचे निरनिराळे डाव मांडत. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाले ते वेगळे) त्यांत आणखी रंगीत चेंडू घातले. वुलिचच्या लष्करी विद्यालयात नवख्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणत. एका खेळाडूचा सोपा चेंडू हुकला, तेव्हा चेंबरलेनने त्याला तेच नाव ठेवले. पण लगेच सावरून घेत म्हणाला, या खेळात आपण सगळेच स्नूकर! नाव चिकटले ते कायमचे. ही हकिगत त्याने स्वतः १९३८ मध्ये ‘द फील्ड’ला पत्र लिहून कळवली.

या खेळाची साधनेही चुकांतूनच सुधारली. पूर्वी नुसत्या लाकडी क्यूचे टोक चेंडूवरून घसरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील कॅप्टन मिंगो याने टोकाला चामडे बसवले. घसरण थांबवायला खडूही आला.

काही चुकांवर मात्र साधनांचा इलाज नाही. फटका पुरा होण्याआधीच मान वर करणे, क्यू करकचून आवळणे, उगाच जोर लावणे आणि पुढचा फटका न योजणे. कॅरममध्ये सोंगटी घेतल्यावर स्ट्रायकर पुन्हा हाती येतो. इथे पांढरा चेंडू थांबेल तिथूनच खेळावे लागते. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स याच शिस्तीने १९५८ मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय.

मुख्याध्यापक म्हणून मला मात्र चेंबरलेनचे ते दुसरे वाक्य मोलाचे वाटते. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलाचा एखादा शब्द चुकला की वर्ग हसतो, आणि ते मूल पुढे तोंडच उघडत नाही. चूक दाखवावीच, पण आपण सगळेच नवशिके, हेही त्याच दमात सांगावे. मग मूल पुन्हा टेबलापाशी येते.