मेरी अँड मॅक्स : पत्रांनी जुळलेले मैत्र

अॅनिमेशन म्हणजे मुलांची करमणूक, हा रूढ समज खोटा ठरविणाऱ्या चित्रपटांमध्ये 'मेरी अँड मॅक्स' या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागेल. २००९ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे लेखन व दिग्दर्शन अॅडम एलियट यांनी केले. त्यांच्या 'हार्वी क्रम्पेट' या लघुपटाला २००४ मध्ये ऑस्कर मिळाले होते. 'मेरी अँड मॅक्स' हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. न्यूयॉर्कमधील एका व्यक्तीशी एलियट यांची वीस वर्षांहून अधिक काळ पत्रमैत्री होती. कथेचे बीज त्यातच आहे.

कथा १९७६ मध्ये सुरू होते. मेलबर्नच्या माउंट वेव्हर्ली उपनगरातील आठ वर्षांची मेरी डिंकल एकलकोंडी आहे. कपाळावरील जन्मखुणेमुळे शाळेत तिची चेष्टा होते. आई मद्याच्या आहारी गेलेली, वडील आपल्याच विश्वात. टपाल कार्यालयातील अमेरिकेच्या दूरध्वनी निर्देशिकेतून ती एक नाव निवडते आणि पत्र धाडते. ते पोहोचते न्यूयॉर्कमधील ४४ वर्षांच्या मॅक्स होरोविट्झकडे. एकटा राहणाऱ्या मॅक्सला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत. चॉकलेट आणि दूरचित्रवाणीवरील एक कार्टून मालिका या समान आवडींतून सुरू झालेला पत्रव्यवहार पुढे सुमारे दोन दशके चालतो.

मॅक्सला अॅस्पर्जर सिंड्रोम असल्याचे निदान होते. (२०१३ पासून अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात ही अवस्था स्वतंत्र न मानता 'ऑटिझम स्पेक्ट्रम'मध्ये गणली जाते.) आपल्यात दोष आहे, असे मॅक्स मानत नाही, त्याला बरे व्हायचेही नाही. मोठी झालेली मेरी मात्र मानसशास्त्र शिकून त्याच्या 'आजारा'वर पुस्तक लिहिते. हेतू चांगला, पण मित्राचा तिने अभ्यासविषय केलेला असतो. संतापलेला मॅक्स टंकलेखन यंत्रातील 'एम' अक्षराची कळ उपटून तिला पाठवितो. मेरी पुस्तकाच्या सर्व प्रती नष्ट करते आणि खचून जाते. पुढे मॅक्स तिला क्षमा करतो. कोणीच परिपूर्ण नसते, हे त्याला उमगलेले असते. अखेर मेरी न्यूयॉर्कला पोहोचते, तेव्हा मॅक्सने त्याच सकाळी जगाचा निरोप घेतलेला असतो. तिची सारी पत्रे त्याने छतावर लावून जपलेली असतात. दुसऱ्याला सुधारण्याचा अट्टहास सुटला तरच मैत्री टिकते, हे चित्रपट उपदेशाविना सांगून जातो.

चित्रपट मातीच्या बाहुल्या किंचित हलवून एकेक चौकट टिपण्याच्या 'स्टॉप मोशन' तंत्राने साकारला. ५७ आठवडे चाललेल्या चित्रीकरणासाठी १३३ सेट, २१२ बाहुल्या आणि ४७५ छोट्या वस्तू घडविण्यात आल्या. त्यात प्रत्यक्ष चालणारे चिमुकले टंकलेखन यंत्रही होते. मेरीचे जग तपकिरी, तर मॅक्सचे करडे. त्या करड्या जगात मेरीने पाठविलेला लाल गोंडा तेवढा उठून दिसतो. मॅक्सला फिलिप सेमूर हॉफमन, मोठ्या मेरीला टोनी कोलेट, तर निवेदनाला बॅरी हम्फ्रीज यांचा आवाज आहे.

जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवाचे उद्घाटन याच चित्रपटाने झाले. अॅनिमेशनपटाला हा मान प्रथमच मिळाला. त्याच वर्षी फ्रान्समधील आनेसी महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला 'कोरालाइन'सोबत विभागून मिळाला. एलियट यांचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट 'मेमॉयर ऑफ अ स्नेल' २०२४ मध्ये आला. ताटातूट झालेल्या जुळ्या भावंडांच्या त्या कथेतही एकाकीपणावर पत्रांचाच आधार आहे.