भाल्याची काठी, गळाची काठी

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. जुन्नर-आंबेगावातल्या यांपैकी कोणत्याही धरणाच्या कडेला गळ टाकून बसलेला माणूस दिसतो. कुणाच्या हातात दुकानातली फायबरची काठी असते, कुणाच्या हातात वेळूची. या वेळूच्या काठीचे मूळ शोधत गेले, की वाट नदीकाठ सोडून घोडदळाच्या पागेत शिरते.

गळाने मासे धरण्याची विद्या फार जुनी. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना चारायचे आमिष, गळ टाकण्याची रीत असा सगळा तपशील त्यात येतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. इंग्लंडात या विषयावरचे पहिले पुस्तक छापले गेले १४९६ मध्ये, मानसोल्लासानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी.

काठीसाठी मात्र कोणताही वेळू चालत नाही. बुरडाला सुपा-टोपल्यांसाठी सरळ चिरणारा, पोकळ वेळू लागतो; काठीला भरीव हवा. त्याला नर वेळू म्हणतात. शास्त्रीय नाव डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. कोरड्या, खडकाळ जागी वाढलेल्या बेटात त्याच्या आतली पोकळी जवळजवळ बुजून जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने या जातीचे वर्णन केले, तेव्हा तिचा उपयोग भाल्याच्या दांड्यांसाठी होतो हेही नोंदवले. मराठी स्वाराचा लांब भाला वेळूच्याच दांड्याचा असे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नरच्या मोगली ठाण्यावर छापा घालून घोडे नेले. त्या घोड्यांवर पुढे जे स्वार बसले, त्यांच्या हातातही हाच वेळू असणार.

भाल्याला आणि गळाला एकच गुण हवा असतो: वजनाला हलके, धक्क्याला वाकणारे आणि लगेच सरळ होणारे लाकूड. इंग्रजांनाही हे लवकर उमगले. रानडुकराच्या शिकारीत मुंबई इलाख्याचा लांब, खालून धरायचा भाला आणि बंगालचा आखूड, वरून मारायचा भाला असे दोन पंथ होते, पण दांडा दोघांचाही नर वेळूचाच. १८६८ च्या सुमारास ब्रिटिश लान्सर पलटणींनीही ॲश लाकडाचा दांडा टाकून बांबू घेतला.

याच काळात अमेरिकेत गळाच्या काठीने नवे रूप घेतले. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनचा बंदूक-कारागीर सॅम्युअल फिलिप याने १८४० च्या दशकात बांबू चिरून त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या. मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने १८७० च्या दशकात सहा त्रिकोणी पट्ट्यांची काठी नावारूपाला आणली. हे कारागीर ज्या बांबूवर काम करत, त्याला ते ‘कलकत्ता केन’ म्हणत. हा बांबू नेमका कोणता, यावर वाद आहे. बहुतेकजण नर वेळूचे नाव घेतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की कलकत्ता हे केवळ बंदराचे नाव. बंगालात गावोगावी टुल्डा जातीचा बांबू असताना नर वेळूच कशाला धरायचा? आक्षेप बिनतोड वाटतो, पण बाजारात माल गिऱ्हाइकाच्या गरजेने निवडला जातो. चिरून, तासून पट्टी करायची तर भिंत जाड आणि सालीलगतचा तंतू दाट हवा, आणि त्यात नर वेळू सरस ठरतो.

त्याहून बोलका पुरावा डागांचा. कलकत्ता केनवर जळाल्याचे काळपट डाग असत. अमेरिकेत कुणी त्यांना धार्मिक विधीची खूण ठरवले, कुणी म्हणाले किडे मारण्यासाठी भाजले. विधीची कथा टिकत नाही. विकायच्या मालाच्या मोळ्यांवर कोण कशाला विधी करील? किड्यांचे कारण त्यापेक्षा बरे, पण ठिकठिकाणी डागल्याने अख्खा वेळू भुंग्यापासून वाचत नाही. उरते ते लाठी आणि भाला करणाऱ्यांचे रोजचे काम: वेळू जिथे वाकडा, तिथे निखाऱ्यावर शेकून सरळ करणे. डाग म्हणूनच सगळीकडे सारखे पडत नाहीत. अनुमान असे, की लाठ्या, भाले आणि तंबूचे खांब यांसाठी तयार होणाऱ्या मालातूनच अमेरिकन कारागिराच्या मोळ्या निघत. तो या बाजाराचा आणखी एक गिऱ्हाईक, इतकेच.

पुढचा प्रवास थोडक्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या ‘टोंकिन’ बांबूने कलकत्त्याला मागे सारले. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, तोवर फायबरग्लास आले होतेच. १९७० च्या दशकात कार्बनतंतू आला.

स्वतः काठी बांधायची तर सुरुवात भरीव वेळूनेच करणे सोपे. तीन वर्षांचा वेळू हिवाळ्यात तोडतात; जुने लोक अंधारा पाख पाळतात. पिठूळ अंश कमी असला की भुंगा कमी लागतो. तोडलेला वेळू सावलीत आडवा ठेवून सावकाश वाळवायचा. वाकडा सांधा निखाऱ्यावर फिरवत तापवायचा, साल काळवंडण्याआधी काढून झाडाच्या बेचक्यात अडकवून सरळ दाबायचा आणि गार होईपर्यंत तसाच धरायचा. मग जवसाचे तेल चोळायचे. शेंडा पेन्सिलीएवढा जाड पुरतो.

दोरीसाठीच्या कड्या शेंड्याकडे जवळजवळ, बुडाकडे लांब लांब बसवतात. कडीच्या पायांवर रेशमी दोऱ्याचे वेढे घट्ट, एकाला एक लागून घ्यायचे. शेवटचे सात-आठ वेढे दुमडलेल्या दुसऱ्या दोऱ्यावरून घ्यायचे, उरलेले टोक त्या दुमडीत ओवायचे आणि दुमड ओढून काढायची. टोक वेढ्यांखाली जाते, गाठ राहत नाही. वरून व्हार्निशचे दोन-तीन हात. तयार कार्बनच्या काठीवरही कड्या याच रीतीने बांधतात; फक्त आधी काठी वाकवून बोटांवर फिरवायची, ती आपोआप ज्या बाजूला स्थिरावते तिथे खूण करून कड्या त्या रेषेत घ्यायच्या.

धरणांतली मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. म्हणून काठी तयार झाली, तरी पाण्यावर जाण्याआधी संस्थेची परवानगी घ्यावी लागते.