दोन अक्षरांचं वतन

इंटरनेटवरच्या पत्त्याला देशाची अक्षरं जोडायची सोय ऑक्टोबर १९८४च्या एका तांत्रिक टिपणात झाली. जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ते लिहिलं. देश कोणाला म्हणायचं, या वादात पोस्टेल पडलेच नाहीत. देशांना आणि प्रदेशांना दोन-दोन अक्षरं नेमून देणारी ‘आयएसओ ३१६६’ ही यादी तयार होती, तीच घेतली गेली. १९९४ साली पोस्टेल यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली: असं डोमेन सांभाळणारा त्याचा मालक नव्हे, विश्वस्त आहे, लोकांची सेवा हे त्याचं कर्तव्य. या साऱ्या कुळकथेत मला हेच कलम सर्वांत मोलाचं वाटतं, कारण पैसा आला तेव्हा कसोटी लागली ती याच कलमाची.

त्या यादीने अँग्विला या कॅरिबियन बेटाला ‘एआय’ दिलं. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली तशा कंपन्यांच्या या नावांवर उड्या पडल्या, आणि २०२३मध्ये जेमतेम सोळा हजार वस्तीच्या या बेटाच्या सरकारी उत्पन्नातला सुमारे पाचवा हिस्सा त्यातून आला. निव्वळ नशीब, असं कोणी म्हणेल. अक्षरं नशिबाने मिळाली हे खरंच. पण पैसा कोणाच्या पदरात पडावा, हे माणसं ठरवतात. ‘आयओ’ ही अक्षरं चागोस बेटांच्या प्रदेशाची. ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या रहिवाशांना हुसकावून लावलं. पुढे डोमेनची नोंदणी खासगी कंपनीच्या हाती गेली, सॉफ्टवेअर व्यवसायात ते लोकप्रिय झालं, आणि आपल्या वाट्यासाठी चागोसवासीयांना तक्रार करावी लागली.

आपलं ‘डॉट इन’ १९८९चं. पुढे त्याची नोंदणी मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. नियम इतके कडक, की २००४ अखेरपर्यंत नावं काही हजारांतच राहिली. जानेवारी २००५पासून ‘निक्सी’ या नव्या नोंदणी-संस्थेने दार उघडलं. आता पत्ता टाइप करतो कोण, सगळं ॲपवर आणि गूगलवर चालतं, हा आक्षेप वजनदार आहे. पण फसवणुकीचा संदेश येतो तेव्हा हातात पत्ताच असतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये सर्व बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं. अशी नावं फक्त बँकांनाच मिळतात. मात्र ती वाचायची कशी हे ग्राहकाला कळलं, तरच या बंधनाचा उपयोग. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी काय आहे ते पाहायचं. तिथे ‘डॉट बँक डॉट इन’ असेल, ‘बँक’च्या आधीच्या डॉटसकट, तर पत्ता बँकेचा. त्यापुढे आणखी ‘डॉट कॉम’ लागलं असेल, तर आधी कोणत्याही बँकेचं नाव असो, तो पत्ता बँकेचा नाही.